न वाढलेला आकडा

शहरातल्या इतवारा पेठेच्या पलीकडे, कापडाच्या गोदामांच्या गल्लीत एका धर्मादाय संस्थेचं केंद्र आहे. बाहेर पाटी नाही, पण ज्याला जायचं असतं त्याला ते सापडतं. एचआयव्हीची औषधं तिथं फुकट मिळतात. औषधाच्या खिडकीपाशी पोचण्याआधी एका टेबलासमोर बसावं लागे, आणि त्या टेबलामागे अकरा वर्षं कोकिळा महाजन बसली. पेशंट तिला गोळीवाल्या ताई म्हणत.

ती विचारी, गोळी किती वाजता घेता, कशाबरोबर घेता, या महिन्यात कोणत्या दिवशी राहिली. माणसं खोटं बोलत. लग्नाला गेलो होतो, डबी घरी राहिली, असं कोणी म्हणालं की ती कोणाचं लग्न, कोणत्या गावी, हेही विचारी, आणि दोन प्रश्नांत माणूस खरं सांगून टाकी. ती रागवत नसे. नव्या पेशंटला ती आधी स्वतःचं सांगे. आपलं गाव निंबोला असं सांगावं त्याच सुरात ती सांगे की मलाही हाच आजार आहे. मग शिपायांची गोष्ट येई. अंगात शिपाई असतात. हा विषाणू त्यांनाच मारतो. गोळी विषाणूला कोंडून ठेवते, मग शिपायांची भरती परत सुरू होते. शिपाई मोजता येतात. आज तुमचे दीडशे असतील, वर्षाने तीनशे होतील, तीन वर्षांनी सहाशे. शाळेत न गेलेल्या बाईलाही ते कळे. घरी जाताना तिच्या डोक्यात सहाशेचा आकडा असे.

कोकिळेचा स्वतःचा आकडा मात्र दोनशेच्या पुढे कधी गेला नाही.

तिचं माहेर निंबोल्याचं, सासर शाहपूरचं. नवरा नंदकुमार केळीबागाईतदार, घर खाऊनपिऊन सुखी. लग्नानंतर दोन वर्षांनी, नव्व्याण्णव साली, पहिल्या बाळंतपणात तिला रक्तस्राव झाला तो थांबेना. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात तिला दोन बाटल्या रक्त चढवलं. सासऱ्यांनी माणूस पाठवून ते कुठूनतरी आणवलं होतं. कोणाचं, तपासलेलं की नाही, हे विचारायची ती वेळ नव्हती. बाई वाचली याचाच सगळ्यांना आनंद. दूध मात्र तिला आलं नाही. महिनाभर ती खाटेवरून उठली नाही आणि मुलगी गाईच्या दुधावर वाढली. सासू येताजाता त्यावरून बोले. कोकिळेलाही ते मनाला लागून राहिलं होतं. पुढे बारा वर्षांनी, जेव्हा तिचं वजन उतरत उतरत छत्तीस किलोवर आलं, तोंडात पांढरे चट्टे आले आणि इंदूरच्या डॉक्टरांनी ती तपासणी केली, तेव्हा मुलीचीही झाली. भूमिकाला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दूध पाजलं नाही म्हणून ही पोरगी सुटली असेल.

नंदकुमारलाही काही नव्हतं. तो सुटला कसा, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. कधीकधी असं होतं, इतकंच ते म्हणाले. घरात मात्र त्याचा अर्थ सरळ लावला गेला. नवऱ्याला नाही आणि बायकोला आहे, तर बायकोनं आणला. दोन बाटल्या रक्ताची आठवण तिनं करून दिली, पण तो दवाखाना केव्हाच बंद पडला होता आणि तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं. नंदकुमार मारझोड करणाऱ्यातला नव्हता. त्यानं इतवाऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मायलेकींना तिथं आणून सोडलं आणि सुरुवातीला दर गुरुवारी येत राहिला. पुढे पंधरवड्यानं. पुढे केळीचे घड पाठवून द्यायचा. चौथ्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं, ते कोकिळेला शेजारणीकडून कळलं.

तोवर तिला टेबल मिळालं होतं. औषध सुरू झालं तेव्हा तिचा आकडा होता अडुसष्ट. सहा महिन्यांत एकशे वीस झाला, वर्षाने एकशे पासष्ट. वजन भरलं, चेहरा परत तिचा झाला. केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, की तुम्ही इतरांना समजवाल का, पगार थोडा आहे. ती दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. लोकांना समजावणं तिला आवडू लागलं. सासरच्या घरात तिचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं, इथं माणसं वही-पेन घेऊन बसत.

आकडा एकशे ऐंशीला येऊन थांबला. कधी एकशे अठ्ठ्याण्णव, कधी एकशे बहात्तर. विषाणू मोजायची नवी तपासणी आली, तिच्यात दर वर्षी एकच उत्तर येई, आढळला नाही. म्हणजे गोळी काम करत होती. तरी भरती होत नव्हती. तिच्यानंतर आलेले चारशेला पोचले, सहाशेला पोचले. समाधान नावाचा एक मागवाला होता. पॉवरलूमवर बारा तास उभा राहणारा, तंबाखू खाणारा, महिन्यातून चारदा गोळी विसरणारा. त्याचा आकडा सातशेवर गेला. तो कोकिळेला पेढे घेऊन आला होता. तिनं पेढा खाल्ला आणि त्याला म्हणाली, आता विसरू नकोस. त्याच वर्षी तिच्या पाठीला दुसऱ्यांदा नागीण निघाली होती आणि खुर्चीला टेकून बसता येत नव्हतं.

बाहेरगावाहून केंद्राचं काम बघायला एक साहेब आले. त्यांनी फायली चाळल्या, तिचीही चाळली. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, की बाई, दुसऱ्यांना शिकवता, स्वतः घेता की नाही? खोलीत पाच-सहा पेशंट होते. कोकिळा म्हणाली, घेते साहेब. ते हसले आणि पुढच्या फायलीकडे वळले.

घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, भूमिकाच्या कॉलेजच्या गोष्टी ऐकल्या. दुसऱ्या दिवशी तिनं आपली गोळ्यांची डबी आणून केंद्रातल्या वंदना सिस्टरच्या कपाटात ठेवली आणि सांगितलं, आजपासून मी गोळी इथं, तुमच्यासमोर घेणार, तुम्ही सही करायची. वंदना म्हणाली, ताई, तुम्हाला याची काय गरज आहे. कोकिळेनं वही पुढे केली. रविवारी केंद्र बंद असे, म्हणून ती वंदनाच्या घरी जाऊन तिच्या ओट्याजवळ उभी राहून पाण्याबरोबर गोळी घेई. दिवाळीत वंदना भुसावळला माहेरी गेली, तेव्हा फोनवर तोंड दाखवून घेतली. असं एक वर्ष, तीनशे पासष्ट सह्या. वर्षाच्या शेवटी रक्त गेलं आणि आकडा आला एकशे ब्याऐंशी.

त्या वहीकडे कोणी बघितलंच नाही. साहेबांची बदली झाली होती. दोन वर्षांनी केंद्रात डॉक्टर रंजिता आल्या, तिशीतल्या, इंदूरच्या. त्यांनी जुन्या फायली एकेक करून वाचायला घेतल्या. कोकिळेच्या फायलीत ती वही दोऱ्यानं बांधलेली होती. त्यांनी तिला आत बोलावलं.

त्यांनी आधी विचारलं, की तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का? कोकिळेनं सांगितलं. किती साली, हेही त्यांनी विचारलं. मग त्यांनी पायाच्या घोट्यावर बोट दाबून बघितलं, तिथं खळगा पडला आणि हळूहळू भरला. डोळ्यांचा पांढरा भाग बघितला, पोटाच्या डाव्या बाजूला हात दाबला. आठवड्यानं रिपोर्ट आला. तिच्या रक्तात दुसरा विषाणू होता, हिपॅटायटिस सी.

डॉक्टरबाई समजावून सांगायला लागल्या. अंगात शिपाई असतात, अशी त्यांनी सुरुवात केली तेव्हा कोकिळेनं त्यांना थांबवलं.

"मॅडम, शिपायांची गोष्ट मी हजारो लोकांना सांगितली. मले सरळ सांगा."

रंजितांनी पेन खाली ठेवलं.

"एचआयव्ही गोळीनं दाबला आहे ताई. तो तुमच्या रक्तात दिसत नाही, कारण तुम्ही गोळी चुकवली नाही. पण हा दुसरा वीसहून जास्त वर्षं तुमच्या यकृतात बसून आहे, आणि आपल्या गोळीचा त्याच्यावर काही असर होत नाही. त्याच्यामुळे तुमच्या पेशी कधी शांत झाल्याच नाहीत. सारख्या चेतलेल्या राहिल्या. अशा पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. ज्या आहेत त्या धड लढत नाहीत, आणि नव्या कमी तयार होतात. त्यात यकृत कडक झालं की प्लीहा फुगते, मग उरलेल्या पेशी तिच्यातच अडकून पडतात. रक्तात मोजायला गेलं की आकडा कमीच दिसतो."

 कोकिळेनं विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही."

हे उत्तर ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं ती हेच तर म्हणत होती. पण खोलीबाहेर येऊन बाकावर बसल्यावर तिला वाटलं, की चुकलं असतं तर सुधारता तरी आलं असतं. तिची तपासणी आधी का झाली नाही, हे तिनं कोणाला विचारलं नाही. तिनं औषध सुरू केलं तेव्हा ही तपासणी सगळ्यांची होत नसे, आणि पुढे कोणाच्या मनात आलं नाही. जे आकडा बघत ते, ही गोळी चुकवत असेल, एवढ्या संशयावरच थांबत.

दुसऱ्या विषाणूवरही आता औषध होतं, तेही फुकट. सहा महिने गोळ्या. भूमिका एव्हाना एका खाजगी शाळेत शिकवत होती. तिनं आईबरोबर इंदूरला जाऊन यकृत किती कडक झालंय याची तपासणी करून आणली. फार कडक झालं होतं. तरी डॉक्टर म्हणाले, विषाणू गेला की जास्त बिघडायचं थांबेल कदाचित. कोकिळेनं त्या सहा महिन्यांतही एक गोळी चुकवली नाही. तीन महिने थांबून परत रक्त तपासलं. आढळला नाही. दोन्ही विषाणू आता आढळत नव्हते. वंदना सिस्टरनं केंद्रात सगळ्यांना चहा पाजला. मायलेकी घरी आल्या, भूमिकानं पुरणाचे मांडे मागवले, आणि त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी कोकिळेनं पुढच्या गोष्टी बोलून दाखवल्या. तुझं लग्न, माझी एक काशी, या खोल्यांना रंग.

सगळ्यांना आता आकड्याची उत्सुकता होती. डॉक्टर रंजितांनाही. सहा महिन्यांनी तो एकशे एक्क्याण्णव आला. त्यापुढच्या सहा महिन्यांनी एकशे चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी सांगितलं, की काही जणांत असं होतं. चेतवणारा निघून गेला तरी पेशी पूर्वीसारख्या होत नाहीत, आणि कडक झालेलं यकृत मऊ व्हायला फार वर्षं लागतात, कधी होतही नाही. त्यांना ते सांगणं जड जात होतं. कोकिळेनंच त्यांना विचारलं, की मॅडम तुम्ही जेवलात का.

सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करायची होती. तिसऱ्या वेळी, दोन हजार चोवीसच्या श्रावणात, यकृतात गाठ दिसली. इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, भूमिकाला बाजूला घेऊन बोलायला लागले, तेव्हा कोकिळा म्हणाली, माझ्यासमोर बोला, मी याच लाइनीतली आहे. गाठ एक नव्हती. ऑपरेशन होण्यासारखं यकृत राहिलेलं नव्हतं. त्यांनी एक गोळी लिहून दिली, तिनं थोडे महिने मिळतील म्हणाले.

भूमिकानं वडिलांना फोन केला. नंदकुमार आला, दारात चपला काढून आत बसला. त्याचे केस पांढरे झाले होते. काय लागेल ते सांग, असं तो मुलीला म्हणाला.  जाताना तो म्हणाला, "ते रक्ताचंच होतं मग." कोकिळा हो म्हणाली. त्यानं मान हलवली आणि गेला. तेरा वर्षांनी त्यानं एवढं मान्य केलं, आणि आता तिला त्याचं काही वाटलं नाही. ती भूमिकाला म्हणाली, गॅस बंद कर, चहा उतू जाईल.

ती टेबलावर जात राहिली. पोटात पाणी भरायला लागलं होतं. साडीच्या निऱ्या वर धरून ती हळूहळू चाले. चेहरा काळवंडला, हातापायाच्या काड्या झाल्या. समोर बसलेले पेशंट आता तिच्या प्रश्नांकडे लक्ष देत नसत, तिच्या पोटाकडे बघत. एक नवी बाई तिच्याकडे बघून उठून गेली ती परत आलीच नाही. शिपायांची गोष्ट सांगायचं तिनं सोडून दिलं. गोळी रोज घ्या, एवढंच सांगे. आकडा वाढेल ना ताई, असं कोणी विचारलं तर, पुष्कळांचा वाढतो, असं म्हणे.

कार्तिकात वंदनानं तिला सांगितलं, की समाधान दोन महिने औषध न्यायला आला नाही. फोन उचलत नाही.

कोकिळेनं भूमिकाला शाळेतून सुटी काढायला लावली आणि रिक्षा करून मागांच्या वस्तीत गेली. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. समाधान तिला बघून माग बंद करून बाहेर आला. त्यानं स्टूल आणून दिलं, पाणी दिलं, स्वतः उभा राहिला. बारीक झाला होता.

ती म्हणाली, डबी संपून दोन महिने झाले. तो म्हणाला, हो.

"का रे?"

 समाधानला तिच्याशी खोटं बोलायची सवय राहिली नव्हती.

"ताई, बुरा नका मानू. तुम्ही तेरा साल एक गोळी नाही चुकवली. सिस्टरसमोर घेतली, सगळ्याइले माहीत आहे. मग तुमचं असं काऊन झालं?"

"मले दुसरा आजार होता. तुले नाही. तुझी तपासणी झाली मागच्या साली, मीच कागद लावला फायलीत."

"आज नाही म्हणता. तुम्हाले बी दहा साल कोणी सांगितलं नव्हतं ना."

 कोकिळेकडे उत्तर होतं, पण ते डॉक्टरबाईंचं होतं, पेशींचं, यकृताचं. समाधान जे बघत होता ते तिचं पोट होतं. ती इतकंच म्हणाली, की तुझा आकडा सातशे होता, तो गोळीनंच झाला होता. तो हो म्हणाला. येतो सोमवारी, म्हणाला. परत जाताना रिक्षात ती भूमिकाला म्हणाली, "हा येणार नाही."

तो आला नाही. पंधरा दिवसांनी ती परत गेली, तेव्हा त्यानं घरात असून नसल्याचं सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती पौषात गेली. डॉक्टर रंजिता तिला नको म्हणाल्या होत्या, पोटातलं पाणी आदल्याच दिवशी काढलं होतं. समाधानच्या घराला चार पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर तिला दम लागला आणि ती तिथंच बसली. समाधानची बायको पूजा आतून धावत आली. तिलाही तोच आजार होता आणि तीही केंद्राचीच पेशंट.

पूजानं सांगितलं, तो आठ दिवसांपूर्वी कामाला म्हणून सुरतेला गेला. कोणाकडे ते सांगितलं नाही. फाइल घरातच आहे. खोकला फार झाला होता, रात्री अंग तापायचं. टीबी असेल असं पूजाला वाटत होतं, पण तो तपासायला तयार नव्हता. तो म्हणायचा, ताईंचं बघ, नी मले सांग.

"तू घेतेस?" कोकिळेनं विचारलं.

"घेते ताई." पूजा खाली तिच्याजवळ बसली. "मी बी सोडणार होते."

कोकिळा पायरीवर बसूनच होती. तिला पूजाला पुष्कळ सांगायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. तिनं पूजाचा हात धरला. तुझी पुढची तारीख कोणती, असं तिनं विचारलं. पूजानं सांगितलं, अठ्ठावीस. भूमिका, लिहून घे, असं ती म्हणाली. भूमिकानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग दोघींनी मिळून तिला उठवून रिक्षात बसवलं. रस्त्यात ती डोळे मिटून होती. भूमिकाला वाटलं झोप लागली असेल, पण घर आल्यावर कोकिळा म्हणाली, "माझ्याकडे बघून त्यानं सोडली. मी घरीच बसायला पाहिजे होतं."

भूमिका म्हणाली, असं नाही आई. पण ते तसंच होतं, हे तिलाही माहीत होतं.

त्यानंतर कोकिळा टेबलावर गेली नाही. सकाळी भूमिका तिच्या हातावर गोळी ठेवी आणि ती घेई. होळीच्या आधी चार दिवस ती बेशुद्ध झाली आणि दोन दिवसांनी गेली. तापीवर नेताना केंद्रातले सात-आठ जण होते, वंदना सिस्टर आणि डॉक्टर रंजिता होत्या, नंदकुमार होता. पूजा घाटावर मागे उभी होती.

केंद्रातल्या टेबलावर महिनाभरानं दुसरी बाई आली. तिला शिपायांची गोष्ट शिकवलेली आहे. पूजा दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला येते, डबी घेते आणि कोणाशी न बोलता जाते. समाधानचा सुरतेचा पत्ता अजून कोणाला माहीत नाही, आणि त्याचा नंबर लावला की तो बंद असल्याचं सांगतात.